पट्ट्याचा ताण



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांच्या मनात काय होते हे आम्ही ओळखले होते. कामगार चळवळीतला माणूस म्हणजे तो बोनसवर बोलणार, महागाईवर बोलणार, फार तर नव्या कामगार कायद्यांवर बोलणार. त्या विषयांवर आम्ही वर्षातले तीनशे दिवस फाटकासमोर उभे राहून बोलतच असतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या प्रथेचा एक गुण असा की, ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने चारचौघांत येऊन सांगावे. आम्हांला पट्टा ठाऊक आहे. म्हणून आज आम्ही एका पट्ट्यावर बोलणार आहोत. तो पट्टा करंगळीच्या नखापेक्षाही अरुंद आहे, आणि तो एका खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या शेपटीत बसतो.

कोणी म्हणेल, युनियनला हे काय सुचले? त्याचे उत्तर थोडक्यात देतो. आमच्या कचेरीत रविवारी सकाळी आय. टी. आय. ची आणि यंत्रमागावर कामाला लागलेली मुले जमतात. आमचे स्वतःचे शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे जे काही मिळाले ते रात्रपाळी करून दिवसा वाचनालयात बसून. तेव्हा मुलांना नुसते भाषण ऐकवून काही येत नाही, हातात काहीतरी द्यावे लागते, एवढे आम्हांला कळते. वर्गणी काढून आम्ही रेडिओने दुरून चालवावयाच्या हेलिकॉप्टरचे सुटे भाग आणले. वरच्या पंख्याचा व्यास सुमारे सत्तर सेंटिमीटर. या खेळातले लोक त्याला साडेचारशेच्या वर्गातले यंत्र म्हणतात. अशी रेडिओने चालणारी हेलिकॉप्टरे नीट उडू लागली ती १९७० च्या सुमारास, जर्मनीतल्या डीटर श्ल्युटर यांच्या खटपटीने. त्याआधीही पुष्कळांनी बनविली होती. पण ती उडण्यापेक्षा पडतच अधिक.

आता शेपटीला पंखा लागतोच कशाला? नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तोच न्याय येथे आहे. यंत्र वरच्या पंख्याला एका दिशेने फिरविते, तेव्हा पंखा यंत्राच्या अंगाला उलट दिशेने फिरवू पाहतो. जमिनीवर असताना पायांचे घर्षण त्याला धरून ठेवते. हवेत धरावयास कोणी नसते. म्हणून लांब नळीच्या टोकाला एक लहान पंखा बसवितात. तो बाजूला हवा ढकलून अंगाला गिरकी घेऊ देत नाही. इगॉर सिकोर्स्की यांनी १९३९ साली व्ही. एस. ३०० हे यंत्र दोरखंडाने बांधून प्रथम उचलले, त्यानंतर एक मोठा पंखा वर आणि एक लहान पंखा शेपटीला ही रचनाच जगभर रूढ झाली.

हा लहान पंखा वरच्या पंख्याच्या चारपटीहून अधिक वेगाने फिरतो. वरचा मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असला, तर शेपटीचा दहा हजारांच्या पुढे जातो. त्याला स्वतःची मोटर नसते. वरच्या पंख्याच्या दातेरी चाकावरूनच शक्ती घ्यावयाची आणि नळीतून शेवटापर्यंत पोहोचवावयाची. काही यंत्रांत त्यासाठी बारीक दांडा असतो. आमच्या यंत्रात पट्टा आहे. दांड्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. आमचे मत पट्ट्याच्या बाजूचे, कारण शेपटी गवताला लागली तर दांड्याचे दाते उडतात, पट्टा मात्र सहसा थोडा सरकून वाचतो, आणि त्याचा खर्चही गरिबाला झेपतो.

पट्टा म्हणजे काय हे या सभेतल्या भगिनींना आम्ही सांगावयास नको. पायाने चालवावयाच्या शिवणयंत्राची चामड्याची वादी ढिली झाली की चाक फिरते आणि सुई थांबते. मग वादी थोडी कापून पुन्हा आकड्यात अडकवावयाची. जास्त कापली तर पाय दुखून येतात. पिठाच्या गिरणीतला माणूस पट्टा घसरू लागला की त्यावर राळ टाकतो. तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना पट्ट्याचे अर्धे शास्त्र आलेच म्हणून समजा.

उरलेले अर्धे असे. सपाट पट्टा केवळ घर्षणावर चालतो. कप्पीवर जाणारी त्याची एक बाजू ताणलेली असते, दुसरी सैल असते, आणि या दोन ताणांतला फरक म्हणजे आपल्याला मिळणारे काम. सैल बाजूला जर मुळीच ताण नसेल तर पट्टा कप्पीला बिलगत नाही, आणि बिलगला नाही तर ओढणार कशाने? म्हणून सपाट पट्टा आधीच चांगला कसून बसवावा लागतो. पण कसण्यालाही दंड आहे. तो ताण शाफ्ट वाकवू पाहतो, बेअरिंग तापवितो, आणि पट्ट्याचे आयुष्य खातो. किती कसावा याचा हिशेब जुन्या कारखान्यांत फिटरच्या अंगठ्यात असे.

हा अंगठा काढून घेऊन त्या जागी काटा बसविण्याचे काम ज्याने केले त्याचे नाव कामगार चळवळीला चांगलेच परिचयाचे आहे. फ्रेडरिक विन्स्लो टेलर. फिलाडेल्फियातल्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्याने नऊ वर्षे पट्ट्यांच्या नोंदी ठेविल्या आणि १८९३ साली त्यावर निबंध वाचला. स्प्रिंगच्या काट्याचे चिमटे लावून त्याने प्रत्येक पट्टा ठरल्या ताणाला कसविला, आणि कोणता पट्टा किती दिवस टिकला हे लिहून ठेविले. त्याचा निष्कर्ष असा की, पुस्तकी नियमांप्रमाणे पट्ट्यांवर जेवढा भार घालतात तो फार होतो. पट्टा रुंद घ्यावा, भार बेताचा ठेवावा, आणि तो तुटण्याची वाट न पाहता नेमल्या वेळी पुन्हा कसावा. बंधूंनो, हा निबंध वाचताना आम्हांला या गृहस्थाविषयी आदर वाटू लागला होता. पुढे याच माणसाच्या पद्धतीने हातात थांबघड्याळ घेऊन कामगारांचे मोजमाप सुरू झाले, आणि १९११ साली अमेरिकेतल्या वॉटरटाउन शस्त्रागारातले साचेकाम करणारे कामगार त्याविरुद्ध काम टाकून बाहेर पडले. पट्ट्याला जी सवलत दिली ती माणसाला द्यावी असे त्याला का सुचले नाही, हा प्रश्न आम्ही त्याच्या पुस्तकांना पुष्कळदा विचारला आहे. असो. पट्ट्याच्या बाबतीत तो बरोबर होता.

आमच्या यंत्रातला पट्टा मात्र सपाट नाही, दातेरी आहे. हा दातेरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड केस यांनी काढला, आणि तोही शिवणयंत्रासाठी, सुई आणि खालची फिरकी यांची वेळ चुकू नये म्हणून. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ या मोटारीत तो एंजिनाच्या आत गेला. आज घरोघरच्या छपाईयंत्रातही आहे. दातेरी पट्टा घर्षणावर चालत नाही. पट्ट्याचा दात कप्पीच्या खाचेत बसतो आणि ओढतो. त्यामुळे त्याला सपाट पट्ट्याइतके कसण्याचे कारणच नसते. सैल बाजूचे दात खाचेतून वर चढू नयेत, इतकाच ताण त्याला पुरे.

हा फरक ऐकावयास सोपा आहे. हाताला तो पटावयास वेळ लागतो. आमच्या वर्गाला शिकविणारे एक मामा आहेत. १९८२ चा संप होईपर्यंत ते मुंबईत गिरणीत साचेखात्यात होते, संपानंतर भिवंडीला यंत्रमागावर गेले. आता सत्तरीच्या घरात आहेत. शेपटी जोडावयाची वेळ आली तेव्हा मुलाने विचारले, “मामा, अजून थोडा कसू का?” मामा म्हणाले, “कस की. वाजला पाहिजे तारेसारखा.” मुलाने कसला. पट्टा खरोखरच तारेसारखा वाजला. वरचा पंखा हाताने फिरवून पाहिला तर जड फिरू लागला, आणि शेपटीच्या टोकाला बेअरिंग कुरकुरू लागले. मुलगा म्हणाला, “मामा, राग मानू नका, पण कागदावर लिहिलंय की एका बाजूला दाबलं तर ती मधोमधपर्यंत यायला पाहिजे.” मामांनी कागद घेतला नाही. त्यांनी पट्टा कप्पीवरून काढून पंखा फिरविला, पुन्हा घालून फिरविला, असे तीनदा केले. मग म्हणाले, “पोरा, हा घासून चालत नाही. हा चावून चालतो. सोड दोन दोरे.” आम्ही आजवर पट्ट्यावर जे वाचले त्यात याहून नेमके वाक्य आम्हांला आढळले नाही.

ताण कसा बसवितात तेही सांगतो, कारण पुष्कळांच्या घरी मुले हा नाद करू लागली आहेत. पट्टा नळीतून ओवताना त्याला पाव फेऱ्याचा पीळ द्यावा लागतो, कारण पुढची कप्पी आडवी फिरते आणि मागची उभी. पीळ नकाशात दाखविलेल्या बाजूनेच द्यावा. उलटा दिला तर शेपटीचा पंखा उलटा फिरतो, आणि ही गोष्ट जमिनीवर असतानाच पंखा हाताने फिरवून पाहिली नाही तर हवेत समजते. नंतर नळी ज्या चापात धरलेली असते त्याचे स्क्रू ढिले करावयाचे, आणि शेपटी दोन बोटांनी हळूच मागे ओढावयाची. नळी मागे सरली की पट्टा ताणला जातो. ताण बसविण्यासाठी दुसरी कळ नाही. ओढताना नळी स्वतःभोवती फिरू देऊ नये, नाहीतर शेपटीचा पंखा तिरका बसतो. मग पुढच्या कप्पीच्या मागे जी फट असते तिच्यातून बोथट काडीने पट्ट्याची एक बाजू दाबावयाची. बेताच्या दाबाने ती दुसऱ्या बाजूच्या निम्म्या अंतरापर्यंत आली म्हणजे ठीक. दुसऱ्या बाजूला टेकली तर ढिला. जागचा हललाच नाही तर अति झाले. स्क्रू कसताना एकदम एक कसू नये, समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे कसावेत. ती नळी पातळ ॲल्युमिनियमची असते आणि चेपली की तिची गोलाई परत येत नाही.

येथे एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारी सळई पुढच्या अंगातल्या सर्व्होपासून मागे जाते. नळी दोन मिलिमीटर मागे गेली की सळई तेवढीच अपुरी पडते आणि पाती मधल्या जागेवरून हलतात. तेव्हा ताण बसविल्यावर सळईची लांबी पुन्हा जुळवून घ्यावी. सर्व्हो नळीवरच बसविलेला असेल तर ही कटकट नाही.

ढिल्या पट्ट्याचा दोष कसा ओळखावा? शेपटी जागेवर राहात नाही, डुलते. मुले लगेच जायरोला दोष देतात आणि त्याची संवेदनक्षमता कमीजास्त करू लागतात. जायरो म्हणजे यंत्राची गिरकी ओळखणारा आणि सर्व्होला हुकूम देणारा लहानसा डबा. तो अगदी इमानदार असतो. अंग फिरू लागले की तो शेपटीच्या पात्यांना सांगतो, कोन वाढवा. पाती कोन वाढवितात, त्यांच्यावरचा भार वाढतो, आणि नेमक्या त्या भाराला ढिल्या पट्ट्याचे दात खाचेतून निसटतात. जायरो आणखी कोन मागतो. पट्टा आणखी निसटतो. अशी कचेरी आम्ही पाहिली आहे, जिथे वरून हुकुमावर हुकूम सुटतात आणि हुकूम अमलात आणावयाची साधने मात्र कोणी देत नाही. तेव्हा आधी पट्टा पाहावा, जायरोला नंतर हात लावावा.

ऋतूचेही थोडे आहे. ॲल्युमिनियम उन्हाने वाढते आणि पट्ट्यातले काचेच्या धाग्यांचे दोर त्या मानाने फारच थोडे. पस्तीस सेंटिमीटरच्या नळीत तीस अंशांच्या फरकाने पाव मिलिमीटरच्या आसपास लांबी बदलते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी बसविलेला ताण जानेवारीच्या पहाटे थोडा उतरलेला सापडेल. शिवाय कोरड्या हवेत पट्टा नळीत घासून वीज साठते आणि तिची ठिणगी रेडिओच्या यंत्राला त्रास देते. नळी आणि सांगाडा बारीक तारेने जोडून दिले की बहुधा काम भागते. नवा पट्टा पहिल्या काही उड्डाणांत बसतो, म्हणून तो लवकरच पुन्हा तपासावा.

हे सगळे खेळण्यापुरतेच आहे असे समजू नये. अमेरिकेत रॉबिन्सन आर-२२ हे माणसे वाहून नेणारे हेलिकॉप्टर १९७५ साली प्रथम उडाले. त्याच्या एंजिनाची शक्ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या दोन जोडपट्ट्यांनी वर जाते, आणि तिथून वरचा व शेपटीचा असे दोन्ही पंखे फिरतात. एंजिन सुरू करताना पट्टे ढिले असतात. मग वैमानिक एक कळ दाबतो. विजेचा एक दट्ट्या वरची कप्पी उचलून पट्टे ताणतो, आणि ताणण्याचे काम चालू असेतोवर समोर एक दिवा पेटलेला राहतो. उडत असताना पट्टा थोडा सैलावला तर तो दट्ट्या आपोआप ताण भरून काढतो आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. पण दिवा काही सेकंदांहून जास्त पेटत राहिला तर वैमानिकाने पुढचा प्रवास सोडून खाली उतरावयाचे असते. पट्ट्याचे म्हणणे थेट माणसाच्या डोळ्यांसमोर आणून ठेवणारी ही युक्ती आम्हांला फार आवडली.

कारखान्यांत असा दिवा फारसा कोणी लावला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने चालू यंत्राच्या पट्ट्याला हात लावण्यावर बंधने घातली: खास शिकविलेला प्रौढ कामगार असावा, त्याचे कपडे अंगाबरोबर असावेत, पट्टा पंधरा सेंटिमीटरहून रुंद नसावा, त्याचा सांधा वर आलेला नसावा. कागदावर सगळे होते. आमच्या विभागातल्या एका कारखान्यात, त्याचे नाव येथे नको, पट्टा घसरू लागला म्हणजे यंत्र बंद करावयाचे नाही, चालत्या पट्ट्यावर हातानेच राळ लावावयाची, अशी रीत पडली होती; कारण यंत्र बंद केले की तेवढा वेळ पगारातून जात असे. तेथे एका तरुणाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चौकशीत लिहिले गेले, कामगाराचा निष्काळजीपणा. त्याची भरपाई मिळविण्यासाठी युनियनला चार वर्षे लागली. म्हणूनच आमच्या वर्गाचा पहिला नियम असा आहे की, बॅटरीची तार सोडविल्याशिवाय कोणीही, मामांनीसुद्धा, त्या यंत्रात बोट घालावयाचे नाही.

गेल्या १ मेची गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, सभेला बायकामुलांसह मंडळी आलेली. कार्यक्रमपत्रिकेत छापले होते की, कामगारांच्या मुलांनी जोडलेले हेलिकॉप्टर मैदानावर उडेल. वर्गणी देणाऱ्यांना ते पाहावयाचे होते, आणि तो त्यांचा हक्कच होता. सकाळी मामांनी शेपटीच्या टोकाशी बोट फिरविले. बोटाला काळी भुकटी लागली. पट्टा बाहेर काढला तेव्हा दोन दातांच्या मुळाशी चीर दिसली. दुसरा पट्टा जवळ नव्हता, आणि सुटीचे दुकान बंद. कार्यकारिणीतल्या काहींचे म्हणणे पडले की, दोन मिनिटांचे तर उड्डाण आहे, तेवढे निभेल. मुलेही रडकुंडीला आली होती. “मामा, थोडा जास्त कसून बसवू, म्हणजे निसटणार नाही,” असे त्यांतला एक म्हणाला. मामा म्हणाले, “चिरलेला दात कसून सांधत नाही, बाळा. कसलास तर लवकर तुटेल.” त्या पंख्याच्या पात्याचे टोक ताशी सुमारे तीनशे तीस किलोमीटर वेगाने फिरते. शेपटी सुटली तर यंत्र भोवऱ्यासारखे फिरत कुठे जाईल हे सांगता येत नाही, आणि मैदानाच्या कडेला मुले बसली होती.

आम्ही ध्वनिक्षेपकावर जाऊन सांगितले की, यंत्राचा पट्टा नादुरुस्त आहे, आज उड्डाण होणार नाही. थोडी हुर्यो झाली. मागून कोणीतरी ओरडले, युनियनचे विमान संपावर गेले! हसे झाले ते झाले. मग त्या मुलाने तो चिरलेला पट्टा हातात घेऊन रांगेरांगेतून फिरविला आणि प्रत्येकाला चीर दाखविली. यंत्रमागावरच्या मंडळींनी तो अंगठ्याने वाकवून पाहिला, आणि त्यांच्यातला एकही जण नंतर हसला नाही. तिसऱ्या आठवड्यात नवा पट्टा आला, एका रविवारी सकाळी सात वाजता रिकाम्या मैदानावर यंत्र उडाले, आणि पाहावयास आम्ही नऊजण होतो.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा थांबतो. ते यंत्र आज येथे टेबलावर आणून ठेविले आहे. बॅटरी काढून मामांच्या पिशवीत आहे. नळीच्या पुढच्या फटीशी ज्यांना पट्टा दाबून पाहावयाचा असेल त्यांनी व्याख्यानानंतर एकेक करून पुढे यावे, काडी तेथेच ठेविली आहे. प्रश्न पट्ट्यासंबंधी असतील तर मामांना विचारावेत; बोनससंबंधी असतील तर आम्ही बाहेर पायरीवर उभे आहोतच.